वऱ्हाड दगड झालं, त्या दगडांविषयी

प्रश्न असा आहे: पुरंदर तालुक्यातल्या आमच्या गावात भैरवनाथाच्या देवळामागे पिंपळाखाली पाच कोरीव दगड आहेत. दोन उभे आहेत, एक अर्धा जमिनीत गेलाय, एक तुटलाय आणि एकावर नुसता बांगड्या घातलेला हात कोरलाय. आजी सांगते, की लग्नाचं वऱ्हाड रात्री इथे थांबलं होतं, पहाटे कोंबडा आरवला आणि नवरा-नवरीसकट सगळे दगड झाले. शाळेतले सर म्हणतात, हे थोतांड आहे, ते वीरगळ आहेत. आता देवळाचा जीर्णोद्धार निघालाय. तुटलेला दगड नदीत सोडायचा आणि बाकीच्यांना ऑइलपेंट द्यायचा, असं कमिटीत चाललंय. यात खरं काय मानायचं, आणि आम्ही काय करायचं?

आधी तातडीचं सांगतो. कमिटीची पुढची बैठक व्हायच्या आत दोन गोष्टी थांबवा. तुटलेला दगड नदीत जाऊ देऊ नका आणि उरलेल्यांना पेंटचा ब्रश लागू देऊ नका. बाकी सगळं सावकाश करता येईल, पण या दोन गोष्टी एकदा झाल्या की झाल्या.

भंगलेली मूर्ती ठेवू नये असं कोणी म्हणेल. त्यांचा मान ठेवून सांगा, की तो संकेत प्राणप्रतिष्ठा केलेल्या, पूजेतल्या मूर्तीसाठी आहे. देवळामागचे हे दगड म्हणजे स्मारकशिळा आहेत, गेलेल्या माणसांची आठवण म्हणून उभ्या केलेल्या. आजोबांचा फोटो फाटला तर आपण तो नदीत सोडत नाही, चिकटवून जपून ठेवतो. हे उदाहरण गावात पटतं, असा माझा अनुभव आहे. पेंटचं म्हणाल, तर आपल्याकडचा काळा पाषाण दिसायला कितीही ठणठणीत असला तरी ओल घेतो आणि सोडतो. वरून पेंटचा पापुद्रा बसला की ओल आत कोंडते, आणि काही वर्षांनी पेंट सुटतो तेव्हा दगडाचा वरचा थर सोबत घेऊन सुटतो. नाक, डोळे, तलवारीची मूठ, असलं नाजूक काम आधी जातं. दगडांवर आधीचा शेंदूर असेल तर तो राहू द्या. छिन्नीने खरवडून आतलं बघायचा मोह होतो, तो आवरा.

आता सरांचं आणि आजीचं.

सर नाव बरोबर सांगतात. ते वीरगळ आहेत, निदान दोन उभे तरी नक्की असणार. कन्नडमध्ये कल्लु म्हणजे दगड. लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड तो वीरगल्लु, आणि आपल्याकडे येऊन तो वीरगळ झाला. कर्नाटकापासून गोव्यापर्यंत आणि साऱ्या महाराष्ट्रभर हे दगड पसरलेले आहेत. गुजरातेत त्यांना पाळिया म्हणतात, तमिळ मुलखात नडुकल. आपल्याकडचे बरेचसे शिलाहार आणि यादव या राजघराण्यांच्या काळातले, म्हणजे साधारण १०व्या ते १४व्या शतकातले आहेत. पण चाल पुढेही सुरू राहिली, त्यामुळे नुसतं बघून काळ ठोकून देऊ नये. वाई तालुक्यात किकलीला भैरवनाथाच्या देवळात गेलात तर एका ठिकाणी इतके वीरगळ दिसतील, की ते गाव पिढ्यान्‌पिढ्या कशातून गेलं असेल हा विचार मनातून जात नाही. बारामतीकडे लोणी भापकरलाही बघण्यासारखे आहेत.

पण थोतांड हा शब्द सरांनी मागे घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. का ते सांगण्याआधी तुम्ही एक गोष्ट करून बघा.

अंधार पडल्यावर मोबाईलचा टॉर्च घेऊन उभ्या दगडांपाशी जा. दिवसा पिंपळाच्या सावलीत कोरीव काम सपाट दिसतं. टॉर्च समोरून मारू नका. दगडाच्या कडेला, जवळजवळ टेकवूनच धरा, म्हणजे उजेड दगडावरून सरपटत जाईल. मग प्रत्येक उठावाची सावली पडते आणि दिवसा जे नव्हतंच ते समोर येतं. मी अठ्ठावीस वर्षं गावोगाव जाऊन या दगडांच्या नोंदी करतोय, पण टॉर्च कडेला धरल्यावर आकृत्या वर येतात तो क्षण अजून जुना झालेला नाही.

वाचायला खालून सुरुवात करायची. पोथी वरून खाली वाचतात, वीरगळ खालून वर. सगळ्यात खालच्या चौकटीत एक माणूस आडवा पडलेला असेल. तो मेला आहे. पुष्कळदा त्याच्याजवळ गाई असतात. मी पाहिलेल्या एका दगडावर गाईंची पाच तोंडं एकापुढे एक सरकवून कोरली होती आणि पाय मोजले तर सातच भरले. पाथरवटाला सबंध कळप दाखवायचा होता आणि जागा होती वीतभर, म्हणून त्याने ही युक्ती केली. गाई दिसल्या तर समजायचं, की हा माणूस गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना पडला. त्या काळी गाव लुटायचं म्हणजे गुरं हाकून न्यायची. महाभारतातल्या विराटपर्वात कौरव विराटाच्या गाई पळवतात आणि बृहन्नडा झालेला अर्जुन त्या सोडवून आणतो, तोच प्रसंग गावोगावच्या साध्या माणसांच्या वाट्याला आला होता. वाईला विराटनगरी म्हणायची रीत आहे, आणि त्याच तालुक्यातल्या किकलीत वीरगळांची अशी दाटी आहे. दोन्हींचा संबंध जोडायचा माझा आग्रह नाही, पण तिथे उभं राहिल्यावर विराटपर्व आठवतं खरं.

त्याच्या वरच्या चौकटीत लढाई. ढाल-तलवार, कधी भाला, कधी घोडेस्वार. वीर इतरांपेक्षा थोडा मोठा कोरलेला असतो, डोक्यावर बहुधा केसांचा बुचडा, कमरेला कट्यार. गाई नसतील आणि समोर वाघ किंवा रानडुक्कर असेल तर तो शिकारीत किंवा गुरं राखताना गेला. तिसऱ्या चौकटीत तोच माणूस मध्ये आणि दोन्ही बाजूंना बायका. या अप्सरा, त्याला काखेत हात घालून स्वर्गात नेताहेत. त्याच्यावर शिवलिंग, शेजारी पुजारी, कधी त्याच्या हातात घंटा, आणि समोर वीर हात जोडून बसलेला. बऱ्याच दगडांवर त्याच्या शेजारी त्याची बायकोही बसलेली असते. सगळ्यात वर कलश आणि दोन बाजूंना चंद्र-सूर्य. जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर याची आठवण राहो, असा त्याचा अर्थ.

आता हाच दगड आजीच्या डोळ्यांनी बघा. वीरगळ म्हणजे काय हे गाव कधीच विसरलं आहे, कोणी सांगायला नाही, आणि समोर ही चित्रं आहेत. हात जोडून शेजारी शेजारी बसलेले एक पुरुष आणि एक बाई, पुढ्यात घंटा घेतलेला भटजी. नवरा-नवरी! खालच्या चौकटीत नवरा मध्ये आणि दोन बाजूंना बायका. करवल्या! त्याच्याखाली घोडा आणि हात उंचावलेली माणसं. नवऱ्याचा घोडा आणि नाचणारं वऱ्हाड! शेजारच्या दगडावर मनगटापासून बांगड्यांनी भरलेला हात. नवरीचा चुडा! आणि सगळ्यात खाली आडवा पडलेला माणूस, म्हणजे हे सगळे इथेच संपले.

आजीच्या आजीने गोष्ट रचली नाही, दगड वाचला. किल्ली हरवलेली असताना जितका नेटका वाचता येईल तितका वाचला. आणि गाभा तर अचूक पकडला: एक तरुण पुरुष आणि एक बाई होती, ती दोघं अचानक गेली, इथेच गेली, आणि ते दुःख सगळ्या गावाचं होतं. वऱ्हाडाचे दगड ही गोष्ट तुमच्याच गावात आहे असं नाही. मी ती कितीतरी ठिकाणी ऐकली आहे, आणि जिथे ऐकली तिथे बहुतेक वेळा वीरगळ आणि हाताचा दगड शेजारी शेजारी होते.

सरांनी गोष्टीला थोतांड म्हणू नये याचं दुसरं कारण मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. माणदेशाकडच्या एका गावात पारामागे चार सुंदर वीरगळ होते. गाव त्यांना वऱ्हाडच म्हणायचं. पोरांना तिथे चढू देत नसत, ढोरं बांधू देत नसत, नवं जोडपं आधी तिथे नारळ ठेवायचं. मी तेव्हा नवा होतो आणि जे शिकलो होतो ते सांगायची घाई होती. पारावर बसून तासभर बोललो. हे देव नाहीत, यात कोणी नवरा-नवरी नाही, लढाईत मेलेल्या माणसांचे दगड आहेत, भ्यायचं कारण नाही. लोकांनी चहा पाजला, ऐकून घेतलं. दोन वर्षांनी परत गेलो तर पारामागे नुसती मोकळी जागा. रस्ता रुंद करताना कडेला भिंत घातली होती, तिच्यात दगड गेले होते. एका सांध्यातून कलशाचा कोपरा तेवढा दिसत होता. मी तिथे उभा होतो तर एक म्हातारे गृहस्थ जवळ आले आणि अगदी सरळ मनाने म्हणाले, "तुमीच सांगितलं न्हवं का, द्येव न्हाईत म्हून."

त्या चार दगडांना आठशे वर्षं राजाने नाही, कायद्याने नाही, त्या गोष्टीने राखलं होतं. ती मी काढून घेतली आणि तिच्या जागी दुसरं काही ठेवलं नाही. तेव्हापासून मी आधी विचारतो, ऐकतो, त्यांच्या शब्दांत लिहून घेतो, आणि मग माझं सांगतो, ते त्यांच्या गोष्टीला जोडून. "आजी, तुमची नवरी खरीच होती बरं का" असं सुरू केलं, की माणसं पुढचं जिवाचा कान करून ऐकतात.

यावर कोणी विचारेल, मग कोणीही काहीही सांगितलं तरी मान्य करायचं का? नाही. गोष्ट कशाची साक्ष देते आणि कशाची देत नाही, हे वेगळं काढता आलं पाहिजे. अंबरनाथचं शिवालय घ्या. पांडवांनी ते एका रात्रीत बांधलं आणि उजाडल्यामुळे अर्धं राहिलं, असं तिथे सांगतात. त्याच देवळात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे, शिलाहार राजा मामवाणीच्या काळातला. देऊळ कोणाच्या काळचं, हा प्रश्न लेखाने मिटवला आणि तिथे पांडवांची कथा साक्षीला चालत नाही. पण कथेतला "अर्धं राहिलं" हा भाग डोळ्यांनी पाहिलेला आहे. शिखर आज पुरं नाहीच. लोकांनी जे पाहिलं त्याला कारण शोधलं. आणि "एका रात्रीत" म्हणण्यात, हे काम आपल्यासारख्यांच्या हातचं नव्हे, ही थक्क होण्याची भावना आहे. ती भावना त्या देवळापुढे मलाही होते.

शिकलेल्या लोकांच्याही अशाच गोष्टी असतात, फक्त त्यांना आपण गोष्टी म्हणत नाही. कोणतंही जुनं दगडी देऊळ दिसलं, की आपण "हेमाडपंती" म्हणून मोकळे होतो. हेमाद्री पंडित हा यादवांच्या महादेव आणि रामचंद्र या राजांचा मंत्री, १३व्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथचं देऊळ त्याच्या दोनशे वर्षं आधीचं. चुन्याशिवाय दगडात दगड बसवून बांधायची रीत त्याच्या जन्माआधीपासून होती. तरी त्याचं नाव सगळ्या महाराष्ट्राच्या देवळांना चिकटलं. हल्ली तसंच, वीरगळ दिसला की "छत्रपतींच्या मावळ्याची समाधी" असा फलक लागतो. भावना चांगली आहे. पण त्यामुळे त्याच्या आधी चारशे-पाचशे वर्षं याच मातीत पडलेला, आपल्या गाईंसाठी पडलेला, नाव नसलेला माणूस दुसऱ्यांदा पुसला जातो. मला याचं फार वाईट वाटतं. तुमच्या गावात फलक लावायचा झाला तर हे जपा.

लेख आणि गोष्ट यांचा मेळ किती सावधपणे घालावा लागतो, त्याचं माझ्या दृष्टीने सगळ्यात चांगलं उदाहरण मुंबईत आहे. बोरिवलीला एकसर म्हणून भाग आहे. तिथे, इमारतींच्या गर्दीत, माणसाहून उंच वीरगळ उभे आहेत. त्यांच्यावर समुद्रातली लढाई कोरली आहे. वल्ही मारणाऱ्या नौकांची रांग, नौकांवर हत्यारं घेतलेली माणसं, पाण्यात पडणारी माणसं. यादवांचा राजा महादेव याने उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याला हरवलं, तो सुमार १२६५चा. हेमाद्रीच्या व्रतखंड या ग्रंथाला जोडलेल्या राजप्रशस्तीत, म्हणजे यादव राजांच्या स्तुतीत, सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचं सांगितलं आहे. एकसरचे दगड म्हणजे तीच लढाई, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. काहींना ते दगड आणखी जुने वाटतात. दगडांवर नाव नाही. जोडणी आपण केली आहे, चांगल्या आधाराने केली आहे, पण केली आहे. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या: हेमाद्री जिंकणाऱ्याच्या पदरी होता. हरलेल्यांच्या बाजूने बोलणारं कागदावर काही उरलं नाही. त्या वीरगळांवरचे वीर जर खरंच शिलाहारांचे असतील, तर हरलेल्यांचं म्हणणं त्या दगडांवर तेवढं शिल्लक आहे. असेच नौकांचे वीरगळ गोव्यातही आहेत, कदंब राजांच्या काळातले. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात जाल तेव्हा ते चुकवू नका.

कर्नाटकात वीरगळांवर लेख पुष्कळ सापडतात. बेंगळुरूजवळ बेगूरच्या वीरगळात, सुमार ८९०च्या, बेंगळुरूचं नाव आलं आहे. एवढ्या मोठ्या शहराचा इतका जुना उल्लेख कोणा एका लढवय्याच्या मरणामुळे टिकला. आपल्याकडचे वीरगळ बहुतेक मुके आहेत. म्हणून आपल्याकडे गावातले शब्द जास्त मोलाचे. तुमच्या गावात "तो अमक्या भावकीचा दगड", "तिथे तमक्यांचाच निवद असतो", असं कोणी म्हणत असेल तर तो शब्द न् शब्द उतरवून घ्या. घराघरांतल्या देव्हाऱ्यात टाक, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उठवलेल्या छोट्या प्रतिमा असतात, त्यांत एखाद्या घरी घोड्यावरचा वीर आहे का ते विचारा. नाशकात धुळवडीला हे घरचे वीर वाजतगाजत गोदावरीवर नेतात, न्हाऊ घालतात, आणि दाजीबा वीराची मिरवणूक निघते. बाशिंग बांधलेला वीर! म्हणजे वीर आणि नवरा यांची सांगड तुमच्या आजीच्याच मनात आहे असं नाही. लग्नाआधी किंवा लग्नात गेलेला तरुण हा आपल्या लोकांच्या मनाला फार खोल लागलेला चटका आहे, आणि दगडावरच्या गोष्टीत तोच बोलतो, असं मला वाटतं.

आता तो हाताचा दगड. त्याविषयी लिहिताना मला दर वेळी थांबावं लागतं. कोपरात वाकवलेला उजवा हात, तळवा समोर, मनगटात बांगड्या, कधी अंगठा आणि बोटांमध्ये लिंबू, वर चंद्र-सूर्य. ही सतीशिळा आहे. बांगड्या अखंड आहेत कारण तिने त्या फोडल्या नाहीत. नवऱ्याबरोबर ती चितेत गेली. तुमच्या गावातल्या बायका तिथे हळदकुंकू वाहत असतील तर त्यांना अडवायला जाऊ नका, पण नव्या देवळात तिला "सतीमाता" म्हणून उत्सवाला बसवायचं कोणी काढलं तर मात्र स्पष्ट नाही म्हणा. इंग्रजी अमलात १८२९ साली बंगालमध्ये आणि १८३० साली मुंबई इलाख्यात या चालीवर बंदी आली, आणि १९८७च्या कायद्याने तिचा गौरव करणं हाही गुन्हा आहे. कायदा राहू द्या बाजूला. ती कोण होती, किती वर्षांची होती, तिला कोणी विचारलं होतं का, यातलं काही त्या दगडावर नाही. चेहराही नाही, नुसता हात आहे. मी त्या दगडाची मापं घेतो तेव्हा बोलत नाही, सोबत मुलं असतील तर त्यांनाही गप्प राहायला सांगतो. तुमच्या आजीच्या गोष्टीत निदान ती नवरी आहे आणि तिच्याभोवती माणसं आहेत.

अर्धा जमिनीत गेलेला दगड कोणता हे फोटोशिवाय सांगता येणार नाही. वर चंद्र-सूर्य आणि कलश असेल आणि त्याखाली चित्रांऐवजी सपाट जागा किंवा अक्षरं असतील, तर तो गधेगळ असू शकतो. गधेगळ म्हणजे दानाचा दगड: ही जमीन अमक्याला दिली, जो मोडेल त्याला हा शाप. शापाचं चित्र खाली असतं, गाढव आणि बाई, आणि ते पाहायला कोणालाही ओशाळवाणं वाटतं. म्हणूनच असे दगड लोकांनी पालथे घातले, पुरले, पायऱ्यांना लावले. तरी त्यांचं मोल मोठं आहे. अलिबागजवळ आक्षीचा गधेगळ मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांपैकी एक मानतात, जुन्या मराठी लेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळ्यांनी त्याचा काळ शके ९३४ धरला, म्हणजे इ. स. १०१२. परळला सापडलेला शिलाहार अपरादित्याचा लेख शके ११०८ चा आहे. आपली भाषा दगडावर पहिल्यांदा उमटली त्या ओळींत जमिनीचे व्यवहार आहेत आणि शिव्या-शाप आहेत. तेव्हा तो दगड उपटून काढू नका, भोवतीची माती हातानेही उकरू नका. अक्षरांसारखं काही दिसलं तर त्यात खडू किंवा पीठ भरू नका. कडेने टॉर्च धरून फोटो काढा, तेवढं पुरतं.

करायचं काय, ते आता थोडक्यात.

दगड आहेत तिथेच ठेवायचा प्रयत्न करा. कोणता दगड कशाच्या शेजारी, कोणत्या दिशेला तोंड करून उभा आहे, यातही माहिती असते. हलवला की ती गेली. बांधकामामुळे हलवावेच लागले तर आधी प्रत्येकाचा चारी बाजूंनी फोटो घ्या, बाजूला टेप किंवा निदान फूटपट्टी धरून, आणि सगळ्या जागेचा एक हाताने काढलेला नकाशा करा. उंची, रुंदी, जाडी, चौकटी किती, प्रत्येकीत काय, हे वहीत लिहा. तारीख घाला. तुटलेल्याचे तुकडे एकत्र ठेवा आणि सिमेंटने जोडू नका. सिमेंटमधले क्षार दगडात उतरतात. उभे करताना बुडाला माती-मुरूम ठासून पक्कं बसवलं तरी चालतं. धुवायचं झालं तर साधं पाणी आणि मऊ ब्रश. साबण, ॲसिड, तारेचा ब्रश, मशीनचा मारा, यातलं काही नको. वर पत्र्याची का होईना शेड आणि पाणी वाहून जायला उतार, एवढं कमिटीने केलं तर पेंटच्या निम्म्या पैशांत काम होईल आणि पुण्यही लागेल.

राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला फोटोंसह पत्र द्या, त्याची प्रत ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या. शंभर वर्षांहून जुनं शिल्प हे १९७२च्या कायद्याने पुरावशेष ठरतं. ते विकणं, परस्पर उचलून नेणं कोणाच्याही अंगाशी येऊ शकतं. पाया खणताना जमिनीतून आणखी काही निघालं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला लागतं. हे सगळं कमिटीला धमकी म्हणून सांगू नका. माणसं देवळासाठी झटताहेत, त्यांना गावाच्या चांगल्याचंच पडलं आहे. बैठकीत नुसता आवाज चढवण्यापेक्षा सगळ्यांना एका रात्री टॉर्च घेऊन पिंपळाखाली न्या. एका गावात मी हेच केलं होतं. तुटका दगड ओढ्यात टाका म्हणणारे आजोबाच गुडघ्यावर बसून गाई मोजायला लागले.

सरांनाही बोलवा. शाळेतली मुलं वहीत चौकटी काढू शकतात, मापं घेऊ शकतात. आठवी-नववीची पोरं हे काम फार मन लावून करतात. खालून वर वाचायचं हे त्यांना सरांनीच शिकवावं.

आणि त्याआधी, शक्य असेल तर याच आठवड्यात, आजीला धरून दगडांपाशी घेऊन जा. घरी बसून नको, तिथेच. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा आणि मध्ये बोलू नका. गोष्ट पुरी झाली की तिला दगडाला हात लावून दाखवायला सांगा: यातला नवरा कोणता, नवरी कोणती, घोडा कुठे आहे, करवल्या कोणत्या. ती ज्या दगडाकडे बोट करेल त्याचा नंबर वहीत तिच्या शब्दांशेजारी लिहा. तिने ही गोष्ट कोणाकडून ऐकली आणि ते माणूस कोणत्या गावचं होतं, तेही विचारा.